आठ कोंबड्यांना परड्यात किती मोकळी जागा लागते? मृगाआधी कुंपण घालायचं आहे

परडेवाली (कुडाळ तालुका), १४ मे

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सात कोंबड्या नि एक कोंबडा. चार गावठी, घरच्याच खुडूक कोंबडीखाली निघालेल्या. तीन ग्रामप्रिया जातीच्या, गेल्या दसऱ्याला महिन्याची पिल्लं आणली होती, आता अंड्यावर आहेत. रात्री मागच्या चिरेबंदी खुराड्यात असतात, ते आतून चार बाय चार फूट आहे. सकाळी दार उघडलं की दिवसभर मोकळ्या. म्हणजे एप्रिलपर्यंत होत्या.

एप्रिलात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. शेजारच्या काकींनी मिरचीचा वाफा केला होता, तो आमच्या कोंबड्यांनी एका सकाळी उकरून काढला. काकी काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं. ते बी त्यांनी माहेरून मागून आणलं होतं. त्याच आठवड्यात मुंगसाने दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) नेल्या. दुसरी नेली तेव्हा मी चुलीपाशीच होते. ओरडा ऐकून धावले, तोवर गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) भोकापाशी तांबूस पिसं आणि मातीत ओढत नेल्याची रेघ, एवढंच उरलं होतं. तेव्हापासून सगळ्यांना खुराड्यातच ठेवलं आहे. रोज उजाडताना दाराच्या फळीवर चोची मारतात, ते ऐकवत नाही.

गावातला वेल्डिंगवाला म्हणतो, सहा बाय चारचा, चार फूट उंच लोखंडी पिंजरा करून देतो, पावसाआधी मिळेल. दिरांचं म्हणणं, आठ कोंबड्यांना एवढं पुष्कळ. मी हिशेब केला. २४ चौरस फूट, म्हणजे एकीच्या वाट्याला तीन.

हो म्हणण्याआधी गेल्या रविवारी मी त्यांना सोडलं आणि हातात काठी घेऊन मागच्या पायरीवर दिवसभर बसले. आधी सगळ्या थेट उकिरड्यावर गेल्या. ऊन वर आल्यावर रतांब्याखालचा पाचोळा पायांनी मागे फेकत अर्धा तास तिथे. मग सरपणाच्या आडोशाला बसल्या. दुपारी भिंतीच्या मुळाशी कोरड्या मातीत खळगा करून त्यात लोळल्या, पंखांत माती भरून घेतली, डोळे मिटून पडून राहिल्या. एक गावठी कोंबडी दुसऱ्या दोघींपासून सतत दहा-बारा फूट लांब असते हेही त्या दिवशीच कळलं. यातलं काय काय सहा बाय चारात बसवायचं?

जागा म्हणाल तर घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून गडग्यापर्यंत १० फूट रुंद नि २२ फूट लांब अशी पट्टी मोकळी देता येईल. रतांबा त्यातच येतो. माती तांबडी आहे, उतार गडग्याकडे. मला विचारायचं आहे ते हे: आठ जणांना खरोखर किती जागा हवी? सगळ्या पट्टीला कुंपण करू की थोडक्यात भागेल? वरून झाकावं लागेल का? आणि आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, तेव्हा या जागेचं काय होईल? अनुभवी लोकांनी सांगा. पिंजऱ्याचं अजून नक्की केलेलं नाही.

बांधावरून (भोर), १४ मे

ताई, सरळ हिशेब सांगतो. रात्री झोपायला एका कोंबडीला दोन चौरस फूट, दिवसा फिरायला कमीत कमी दहा. तुमचं खुराडं सोळा फूट आहे, म्हणजे रात्रीचं बरोबर बसलं. दिवसाला ऐंशी फूट पाहिजे. सहा बाय चारमध्ये दोन कोंबड्या ठेवा, आठ ठेवू नका. तुमच्याकडे दोनशे वीस फूट आहे तर सगळी द्या. जागा जास्त झाली म्हणून कोंबडी आजारी पडल्याचं मी तरी बघितलं नाही.

आजोळ (राजापूर), १५ मे

आमच्या आजीने आयुष्यभर वीस-पंचवीस कोंबड्या पाळल्या. रात्री पडवीत डालग्याखाली, दिवसा मोकळ्या. कधी फूटपट्टी लावली नाही नि कधी औषध दिलं नाही. गावठी कोंबडी काटक असते, तिला कोंडून ठेवणंच चुकीचं आहे. कुंपणापेक्षा एक चांगला कुत्रा पाळा, मुंगूस फिरकणार नाही.

कातळफूल (देवरुख), १५ मे

परडेवाली ताई, पिंजरा सांगू नका. थोडं लांबलचक लिहिते आहे, कारण तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथे मी बारा वर्षांपूर्वी उभी होते आणि तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी नऊ कोंबड्यांसाठी आठ बाय सहाचं कुंपण केलं होतं. मे महिन्यात बांधलं. माती कोरडी, गवताच्या काड्या, कोंबड्या खूष, मीही खूष. मृग लागला, गवत उगवलं, ते त्यांनी आठवड्यात संपवलं. आर्द्रा नक्षत्रात मुळं उकरून खाल्ली. आषाढाच्या मध्यावर तिथे जमीन अशी उरलीच नाही, शीट आणि चिखल यांचा एक काळा लगदा झाला. मी गमबूट घालून आत जायचे तर बूट अडकायचा. अंड्यांना चिखल, पायांना चिखल, वास थेट माजघरात. कोंबड्या दिवसभर खुराड्याच्या उंबऱ्यावर एकीला एक चिकटून उभ्या. अठ्ठेचाळीस चौरस फुटांतला एक फूटही त्या वापरत नव्हत्या.

मग टोचाटोची सुरू झाली. आमची एक ठिपक्यांची कोंबडी होती, तिला आम्ही कवडी म्हणायचो. एका सकाळी ती बाहेर येईना. हात घालून काढली, तर शेपटीच्या मुळाशी पिसं नाहीत, रुपयाएवढी लाल जागा, मधोमध रक्त साकळलेलं. कोंबडीला लाल दिसलं की ती तिथेच चोच मारते, मग दुसरी मारते, मग सगळ्या. कवडीला हळद-खोबरेल लावून पंधरा दिवस डालग्याखाली वेगळी ठेवली तेव्हा वाचली. मला आधी वाटलं, या कोंबड्याच भांडखोर निघाल्या. तसं नव्हतं. तुम्ही रविवारी पायरीवर बसून पाहिलंत ना, की त्या दिवसभर पायांनी उकरतात नि चोचीने टिपतात? तेच त्यांचं काम आहे. खाली चिखल असला की उकरायला काही राहत नाही, पण चोच थांबत नाही. ती शेजारणीच्या पिसांवर जाते.

म्हणून आपल्या कोकणात जागा मोजायची तर श्रावणातली मोजा. छपराखाली कोरडी राहणारी जागा दर कोंबडीमागे दहा चौरस फूट धरा. उघड्यावरची जागा त्याच्यावर आणि ती जितकी देता येईल तितकी. भोरच्या दादांनी दहा फूट सांगितले ते बरोबरच आहेत, पण आपल्याकडे ते दहा फूट छपराखालचे हवेत.

तुमच्या पट्टीत हे छान बसतं. खुराड्याकडच्या बाजूची आठ बाय दहा जागा छपराखाली घ्या. झाले ऐंशी फूट. उरलेली चौदा बाय दहा उघडी ठेवा आणि मधोमध लांबीत जाळी घालून तिचे पाच-पाच फूट रुंदीचे दोन कप्पे करा. दोन्ही कप्प्यांना छपराखालून एकेक लहान दार. एका वेळी एकच उघडायचं. मी तीन-चार आठवड्यांनी बदलते. बंद कप्प्यात मूठभर नाचणी किंवा मका टाकून ठेवते, तेवढ्या दिवसांत हिरवं वर येतं. कोंबड्यांना त्यात सोडलं की दोन दिवसांत फडशा पडतो, पण ते दोन दिवस त्यांच्याकडे बघत बसावंसं वाटतं.

छपराचं एक सांगते, जे माझ्याकडून पहिल्यांदा चुकलं. ऐंशी फुटांच्या पत्र्यावर दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर सातशे लिटरहून जास्त पाणी होतं. आणि शंभर मिलिमीटरचे दिवस आपल्याकडे काही क्वचित येत नाहीत. ते पाणी पागोळ्यांवाटे कुंपणातच पडलं तर छप्पर घालून उपयोग काय? पत्र्याचा उतार गडग्याकडे ठेवा, कडेला पन्हळ लावा आणि पाणी बाहेर काढा. स्वयंपाकघराच्या कौलांचं पाणीही बघा, ते वरच्या अंगाने आत शिरेल. भिंतीकडून चर मारून घ्या. नैऋत्येकडून वारा पाऊस आडवा मारतो, त्या बाजूला माडाच्या झापांची झडी बांधा. प्लॅस्टिकचा कागद लावलात तर आत दमट होतं. झापांतून वारा खेळतो.

छपराखाली जमिनीवर सहा इंच जाड थर हवा. मी रतांब्याचा, काजूचा, आंब्याचा वाळका पाचोळा आत्ताच मे महिन्यात गोण्यांत भरून मांगरात ठेवते. तुम्हीही उद्यापासूनच सुरू करा, पाऊस पडल्यावर कोरडा पाचोळा मिळत नाही. भाताचं तूस मिळालं तर उत्तम. थर ठीक आहे का हे बघायची माझी पद्धत: मूठभर घ्यायचं, घट्ट आवळायचं, मूठ उघडायची. सुटून पडलं तर बरोबर. लाडू तसाच राहिला तर ओलं झालं आहे, त्यावर कोरडा पाचोळा घालून दाताळ्याने खालवर करायचं. आणि एक, पहाटे खुराड्याचं दार उघडलं की खाली बसा, तुमचं तोंड कोंबडीच्या उंचीला येईल इतकं. डोळे चुरचुरले तर त्या रात्रभर त्याच हवेत होत्या. आपण उभ्याने बघतो तेव्हा हे कळत नाही.

लांब राहणारी ती तुमची गावठी कोंबडी, तिचा विचार करून कुंपण बांधा. कळपात कोणी खाली असतंच आणि तिला पळून जायला जागा लागते. दाणे दोन ठिकाणी टाका, पाणी दोन ठिकाणी ठेवा. मध्ये एखादा वाळका ओंडका, उभी फळी, उपडी टोपली असं काहीतरी असू द्या, म्हणजे तिला नजरेआड होता येईल. माझ्या अनुभवात रिकाम्या शंभर फुटांपेक्षा आडोसे असलेले साठ फूट जास्त शांत असतात.

आजोळ, तुमच्या आजींसारखीच माझीही आजी होती आणि तिच्यामुळेच मला कोंबड्यांचं वेड लागलं. पण तिच्या कोंबड्यांना अख्खी वाडी होती, शेजाऱ्यांच्या कोंबड्याही तशाच मोकळ्या होत्या आणि कोणाचा मिरचीचा वाफा असला तर त्याला काट्यांची वई असायची. आजीच्या दहा पिल्लांतली तीन-चार मोठी व्हायची, बाकीची घार, मुंगूस नि मर यांत जायची. ती हळहळायची, पण तसंच चालायचं. ताईंकडे २२ बाय १० ची पट्टी आहे. त्या पट्टीत आठही जणी नीट जगायला हव्या असतील तर मोजावं लागेल.

माळरान (इंदापूर), १६ मे

कातळफूल ताईंचं वाचून आमच्या भागाचं सांगावंसं वाटलं. आमच्याकडे पाऊस नाही, ऊन आहे. मी बारा कोंबड्यांना पंधरा बाय बाराचं कुंपण केलं, एकीला पंधरा फूट, म्हटलं झकास. एप्रिलात दुपारी एक वाजता जाऊन बघितलं तर बाराच्या बारा पाण्याच्या सिमेंट टाकीच्या सावलीत, तीन फुटांच्या पट्ट्यात. चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे धरलेले, धापा टाकत होत्या. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकून तोंडावाटे उष्णता बाहेर टाकते. माझ्या १८० फुटांतले ३० फूटच खरे होते. त्या उन्हाळ्यात दोन गेल्या.

आता पत्र्यावर उसाचं पाचट टाकतो, त्यावर दुपारी पाणी मारतो. पश्चिमेला शेवग्याच्या फांद्या लावल्या, वर्षात सावली आली. पाणी मातीच्या परळात ठेवतो, दुपारी बदलतो. दाणा सकाळी लवकर नि संध्याकाळी, भर उन्हात नाही. ताई, तुमचा रतांबा तोडू नका. कुंपणासाठी आडवा येत असला तरी तो आत राहू द्या.

पशुधनवाला (निवृत्त, सांगली जिल्हा), १७ मे

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षं गावोगाव फिरलो. इथे चर्चा चांगली चालली आहे, राहिलेलं सांगतो.

जागेचे आकडे कुठून येतात ते आधी पाहू. मोठ्या अंडी-फार्मवरच्या पिंजऱ्यांसाठी आपल्याकडे २०२३ साली केंद्राचे नियम आले, त्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा आहे. ए-फोर आकाराचा कागद त्याहून मोठा असतो. दुसरीकडे युरोपीय संघात अंड्यांवर 'मोकळ्या कोंबड्यांची' असं लिहायचं तर प्रत्येक कोंबडीमागे बाहेर ४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४३ चौरस फूट जागा असावी लागते. पहिला आकडा कोंबडी जगते एवढ्यापुरता आहे, दुसऱ्यात जमिनीवर गवत टिकू शकतं. ताईंच्या पट्टीत कोंबडीमागे २७ फूट येतात. एवढ्या जागेत गवत आपोआप टिकणार नाही, म्हणून कातळफूल ताईंनी सांगितलेले दोन कप्पे हवेतच. शिवाय संध्याकाळी सूर्य मावळण्याआधी तासभर, तुम्ही स्वतः बाहेर असताना, सगळ्यांना मोकळं सोडा. अंधार पडला की त्या आपल्या आपण खुराड्याकडे परततात, पकडत फिरावं लागत नाही. काकींच्या वाफ्याला तेवढी जाळी लावून द्या.

दाटीचा नि रोगाचा संबंध नीट समजून घ्या. रक्ती हगवणीचे जंतू शिटेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते तयार होतात, मग जी कोंबडी ती माती टिपते तिच्या पोटात जातात. जागा लहान असेल तर त्याच मातीत शीट आणि त्याच मातीत टिपणं. जागा कोरडी असेल तर त्यांची वाढ खुंटते. म्हणून रात्रीच्या दांड्याखाली फळी ठेवून रोज सकाळी शीट काढा, रात्रभराची बरीच घाण तिथेच पडते. मोठ्या कोंबड्या बहुतेक निभावून नेतात, पण पिल्लं दगावतात. पावसाळ्यात नवी पिल्लं आणून याच कुंपणात सोडू नका. पिल्लू पंख फुगवून कोपऱ्यात बसलं, तुरा फिका पडला, शिटेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कप्पा महिनाभर बंद ठेवला म्हणजे जंतू संपले असं समजू नका. कमी होतात, ऊन लागलं तर जास्त कमी होतात, पण ओल्या मातीत ते महिनोन् महिने टिकतात. पाचोळ्याबद्दल एकच अट, बुरशी आलेला वापरायचा नाही. हाताला पांढरी भुकटी लागली किंवा कुबट वास आला तर तो खड्ड्यात टाका. ती बुरशी कोंबडीच्या फुप्फुसात जाते.

कवडीची गोष्ट वाचली. पिसं गेलेली दिसली की कुठली गेली ते आधी पाहा. पाठीवरची आणि पंखांच्या मुळाजवळची तुटकी दिसत असतील तर ते कोंबड्याच्या पायांनी होतं, जोडी लागताना. शेपटीच्या मुळाशी किंवा गुदद्वाराजवळची गेली असतील तर टोचाटोची. पहिल्याला जागा वाढवून फारसा फरक पडत नाही. सात कोंबड्यांत एक कोंबडा असल्याने तुमच्याकडे तो त्रास कमी राहील. दुसरा कोंबडा मात्र ठेवू नका.

मुंगूस उकरतो आणि फटीतून शिरतो. षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, मुंगसाला अडवण्याचं काम तिच्याकडून होत नाही. जमिनीपासून दोन फूट तरी अर्धा इंच चौकोनाची वेल्डमेश लावा, तिच्यातून मोठे उंदीरही येत नाहीत. तीच जाळी जमिनीत फूटभर पुरा किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर फूट-दीड फूट आडवी पसरून वर दगड ठेवा. मुंगूस कुंपणाला टेकून उकरायला लागतो नि जाळीवर अडतो. आठ-दहा फूट मागे जाऊन बोगदा काढत नाही. घारीसाठी उघड्या कप्प्यांवर जाळं पुरे, तुमच्याकडे मासेमारीचं जुनं जाळं सहज मिळेल. रात्री मात्र कोंबड्या चिरेबंदी खुराड्यातच हव्यात. त्या खुराड्याला छपराच्या लगत झरोका आहे का पाहा, नसेल तर एक चिरा काढून जाळी बसवा. बसायच्या दांड्यावर एकीला नऊ इंच धरा, आठ जणींना सहा फूट होतात. खुराडं चार फुटी आहे, तेव्हा दोन दांडे एकाच उंचीवर ठेवा. एक वर आणि एक खाली केलात तर वरच्यासाठी रोज भांडण.

शेवटचं. कोंबड्या मोकळ्या असोत की कोंडलेल्या, राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस चुकवू नका. मानमोडी आली की चार दिवसांत खुराडं रिकामं होतं, मी अशी खुराडी फार पाहिली आहेत. लशीची बाटली शंभर-दोनशे मात्रांची येते म्हणून लोक आठ कोंबड्यांसाठी घ्यायला कचरतात. वाडीतल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवा आणि एकदमच करून घ्या. आजोळ, तुमच्या आजींनाही मी हेच सांगितलं असतं.

परडेवाली (कुडाळ तालुका), १८ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री यजमान, दीर आणि मी, तिघांनी बसून हे वाचलं. दीर आता रतांब्याभोवती दोरी धरून मोजताहेत. वेल्डिंगवाल्याला पिंजऱ्याऐवजी फक्त तीन दारांच्या चौकटी सांगितल्या. मी पाचोळ्याच्या गोण्या भरायला घेतल्या आहेत. झालं की कळवते.

परडेवाली (कुडाळ तालुका), १९ ऑगस्ट

कळवते म्हटलं होतं, तीन महिने गेले. माफ करा, लावणीत वेळच मिळाला नाही.

कुंपण ५ जूनला पुरं झालं, आठवण राहिली कारण त्याच रात्री पहिली सर आली. आठ बाय दहावर जुने पत्रे घातले. पन्हळीचं पाणी पाइपने गडग्यापलीकडे माडाच्या आळ्यात सोडलं. वेल्डमेश खालून सगळीकडे लावली आणि बाहेरच्या बाजूला ती आडवी पसरण्याऐवजी चिऱ्यांची एक ओळ अर्धी पुरून बसवली, कारण आवाराच्या कामातले चिरे उरले होते. चुकलं ते एका ठिकाणी. स्वयंपाकघराच्या बाजूचा चर उथळ झाला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सलग चार दिवस पडला तेव्हा पाणी आत आलं आणि त्या कडेचा पाचोळा भिजला. मुठीत घेतला तर लाडू. भर पावसात इरलं घेऊन चर खोल केला, भिजलेलं सगळं काढलं, दोन गोण्या कोरडा घातला. नंतर पुन्हा भिजला नाही. एकूण बावीस गोण्या भरल्या होत्या, सहा उरल्या आहेत.

मुंगूस आला होता. चिऱ्यांच्या ओळीशी दोन जागी माती उकरलेली दिसली, हातभर लांब आणि चारेक बोटं खोल. तिथेच सोडून गेला. मी त्या दोन्ही जागा अजून रोज बघते.

आठही आहेत. पिसं सगळ्यांची जागेवर आहेत, फक्त एका ग्रामप्रियेच्या पाठीवर थोडी तुटली, ती पशुधनवाले काकांनी सांगितल्याप्रमाणे कोंबड्याची. लांब राहणाऱ्या गावठीने रतांब्याच्या बुंध्यामागे स्वतःची जागा केली आहे. मी तिच्यासाठी एक उपडी टोपली ठेवली होती, तिच्यावर ती चढून बसते. पावसातही दिवसाला तीन-चार अंडी मिळतात आणि स्वच्छ मिळतात. लस वाडीतल्या अकरा घरांनी मिळून केली.

संध्याकाळी पाऊस उघडला की तासभर सोडते. काकींच्या वाफ्याला जाळी लावून दिली, आणि जूनमध्ये काढलेला पाचोळा-शीट खड्ड्यात कुजत घातलंय त्यातलं पहिलं खत त्यांना द्यायचं ठरलं आहे. मिरचीचं बी त्यांनी पुन्हा मागवलं, या वेळी अर्धं मला दिलं.

गडग्याकडचा कप्पा गेले चार आठवडे बंद आहे. तिथे नाचणी वीतभर आली आहे. कोंबड्या जाळीतून माना घालून टोकं तोडतात. गणपतीसाठी मुलं मुंबईहून येतील, दार त्यांच्या हातून उघडायचं म्हणून थांबले आहे.